किल्ली ज्याची त्याच्या खिशात

सौदीतल्या जुबैलच्या ज्या कॉलेजात मी शिकवायचो, ते शहराच्या पार कडेला होतं. एका बाजूला कंपन्यांच्या माणसांसाठी बांधलेली एकसारखी घरं आणि दुसऱ्या बाजूला नुसती वाळू. कॉलेज सरकारी. शाळा संपवलेली सौदी मुलं तिथे दोन वर्षं शिकायची आणि प्लँटमध्ये ऑपरेटर नाहीतर मेकॅनिक म्हणून लागायची, एवढाच त्या कॉलेजचा उद्देश. फी नव्हती, उलट सरकारच मुलांना दरमहा पैसे द्यायचं. मी रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये निदेशक होतो, त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला. आमच्याकडे पोरं एसटीच्या पासासाठी रांग लावायची. इथे कॉलेजच्या मैदानात गाड्या मावत नव्हत्या.

खरं कॉलेज त्या मैदानातच भरायचं, असं माझं मत होतं. आठवडा शनिवारी सुरू व्हायचा, पण शनिवारी वर्गात निम्मी बाकं रिकामी असायची. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत मुलं आपापल्या गावी जायची, कुणी खफजीकडे, कुणी आणखी आत, आणि परतताना कुणाचं तरी लग्न, कुणाचा तरी उंट, कुणाची तरी आजी आड यायची. आली की मात्र अशी हसतमुख यायची की रागावणाराच वेडा ठरावा. पहिलं वर्ष इंग्रजी शिकण्यात जायचं, दुसऱ्या वर्षी मुलं आमच्या वर्कशॉपमध्ये यायची. पांढऱ्याशुभ्र लांब तोबवर, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्यावर, निळा बॉयलर सूट चढवायची आणि खालून तोबची झालर बाहेर लोंबत राहायची. ती आत खोचा, मशिनमध्ये जाईल, हे वाक्य मी दिवसभर म्हणत असे. घरी मुलीच्या फ्रॉकची झालर दिसली तरी तोंडातून तेच निघायचं.

शिकवणारे आम्ही सगळे बाहेरचे होतो. सुदानी, इजिप्शियन, पाकिस्तानी, फिलिपिनो, दोन-तीन गोरे आणि भारतीय. प्रत्येकाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, कफील म्हणजे हमीदार म्हणून कॉलेजचं नाव आणि प्रत्येकाचा करार वर्षाचा. वर्ष संपत आलं की स्टाफरूममध्ये चहा पिताना कुणी मोठ्याने हसत नसे. सौदी माणसं तयार झाली की आमची गरज संपणार, हे उघड होतं, आणि ती तयार करण्याचाच पगार आम्ही घेत होतो. मला यात वावगं काही वाटत नव्हतं. फक्त मी एक धोरण ठेवलं होतं. काम चोख करायचं आणि जीव लावायचा नाही. मुलं मला उस्ताद म्हणत. तीन वाजता बसमध्ये बसलो की मी उस्ताद नसे, कुणीच नसे, आणि ते मला बरं वाटायचं.

माझ्याकडे पंपांची दुरुस्ती होती, आणि त्याआधी कुलपांचा धडा. हा धडा कळला नाही तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. प्लँटमध्ये पंप उघडायचा तर आधी त्याची वीज तोडायची, आणि कुणी चुकून परत चालू करू नये म्हणून त्या स्विचला कुलूप घालायचं. काम करणारे जितके, तितकी कुलपं. एकाच स्विचवर ओळीने लटकवायची. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, लाल रंगाचं, त्यावर त्याचा फोटो. किल्ली एकच, आणि ती ज्याची त्याच्या खिशात. काम संपलं की ज्याने त्याने यायचं आणि आपल्या हाताने आपलं कुलूप काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पंप चालू होणं शक्य नाही. तुझा हात आत असताना तुझा जीव तुझ्याच खिशात आहे, असं मी मुलांना सांगायचो. हे वाक्य मला आवडायचं, म्हणून मी ते जरा थांबून, नाटकी आवाजात म्हणायचो.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक काका-पुतण्या होते. काका विशीचा, पुतण्या त्याच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. काका हा पुतण्याच्या आजोबांच्या शेवटच्या लग्नाचा मुलगा, त्यामुळे वयाने लहान असला तरी नात्याने काका. पुतण्याला बायको होती, एक लहान मूल होतं. कॉलेजात येण्याआधी त्याने खफजीकडे पाण्याचा टँकर चालवला होता. उंच, गंभीर, हाताला घट्टे. काका बुटका, गोबऱ्या गालांचा, गाड्यांचा शौकीन, मिशी अजून धड फुटलेली नाही. पण कँटीनमध्ये काका आला की पुतण्या उठून उभा राहायचा, पहिला कप काकाला द्यायचा, दारातून काकाला पुढे सोडायचा. हाक मारतानाही ‘या अम्म’, म्हणजे ‘काका’, असंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते थट्टा करताहेत असं वाटलं. थट्टा नव्हती.

कुलपांच्या पहिल्याच सरावात मी पाहिलं, की काकाने स्विचवरची दोन कुलपं काढली. स्वतःचं आणि पुतण्याचं. पुतण्या तेव्हा पंपाजवळ वाकून बसला होता, दोन्ही हात आत. मी ओरडलो. दुसरी किल्ली कुठून आली, असं विचारलं, तर काका म्हणाला, त्यानेच दिली. पुतण्याने मान डोलावली. त्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

मी पुन्हा सगळं समजावलं. कँटीनमधून एक काकडी आणली, मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या भागाला लावली आणि पंप चालू केला. काकडीचे तुकडे समोरच्यांच्या तोंडावर उडाले. वर्ग हसला, पुतण्या हसला नाही. त्याला मुद्दा कळला होता. पुढच्या सरावात त्याने किल्ली परत काकालाच दिली.

मी दोघांना वेगळ्या गटांत टाकलं. पुतण्या आपलं कुलूप लावून, अख्खं वर्कशॉप ओलांडून, दुसऱ्या टोकाला काकाकडे किल्ली ठेवायला गेला. मी किल्लीला दोरी बांधली आणि ती स्वतः त्याच्या गळ्यात घातली. थोड्या वेळाने पाहिलं तर दोरीसकट ती काकाच्या गळ्यात. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी त्याला बाजूला घेतलं. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि मोडक्या अरबीत चालायचं. दोघांची मोडतोड वेगळी, पण निभायचं.

"किल्ली खिशात ठेवायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"काका समोर उभा असताना?" तो म्हणाला. "म्हणजे तुझ्यावर माझा भरवसा नाही, असं मी सगळ्यांसमोर त्याला सांगू?"

"काका मुद्दाम पंप चालू करणार नाही, मला माहीत आहे. पण विसरला तर?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अभद्र बोललो होतो. काका विसराळू आहे, हे त्याने आपल्या तोंडाने म्हणायचं होतं की काय?

मग मी काकाला गाठलं. तू किल्ली घेऊच नकोस, म्हटलं. काका दिसायचा तसा बावळट नव्हता. तो म्हणाला, उस्ताद, त्याने दिलेली किल्ली मी परत केली, तर गुरुवारी संध्याकाळी घरात सगळे विचारतील की पुतण्याचा काय गुन्हा झाला. मला ही किल्ली नकोच आहे, पण नको म्हणणं माझ्या हातात नाही. मोठेपणाचं ओझं त्याच्या गोबऱ्या गालांवर एवढं स्पष्ट दिसत होतं, की मला हसू आवरेना.

पण प्रकरण हसण्यासारखं राहिलं नव्हतं. वर्षअखेरीची सुरक्षेची परीक्षा घ्यायला प्लँटचा माणूस यायचा. त्यात नापास झालेल्याला प्लँट घेत नसे, मग बाकी विषयांत तो कितीही हुशार असो. पुतण्या आधीच्या वर्षी याच परीक्षेत याच कारणाने नापास झाला होता. तेव्हा तो दुसऱ्या निदेशकाकडे होता आणि काका अजून इंग्रजीच्या वर्षात, तर त्याने वर्गातल्याच, आपल्या गावच्या एका थोरल्या माणसाला किल्ली दिली होती. ही दुसरी खेप शेवटची. हुकली तर नाव कमी होणार आणि तो परत टँकरवर जाणार. टँकरवर असताना तो आठवडे आठवडे घरी जात नसे. प्लँटची नोकरी लागली तर इथेच घर मिळेल, बायको-मुलाला इथे आणता येईल, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. मी ‘इन्शाल्ला’ म्हणून विषय संपवला होता, माझ्या धोरणाप्रमाणे.

स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. गोरा विभागप्रमुख म्हणाला, साधी गोष्ट आहे, नापास करा. माझ्या शेजारी बसणारा सुदानी मास्तर, वयाने आमच्यात सगळ्यात मोठा, हसला नाही. तो म्हणाला, किल्ली काढून घेऊ नकोस, त्याला ती देण्यासाठी दुसरी वेळ शोधू दे. मला तेव्हा ते बोलणं निव्वळ गोलगोल वाटलं. दुसरी वेळ म्हणजे काय? मी चहा संपवून उठलो.

घरी बायकोला सांगितलं, तर तिने भाजी चिरता चिरता माझ्याकडे वर पाहिलं. "आणि तुम्ही काय करता? चाळिशी उलटली तरी स्वतःच्या बॅगेची किल्ली भावजींकडे मागता."

हे खरं होतं. आम्ही चार भाऊ, मी सगळ्यात धाकटा. सुट्टीवर घरी गेलो की ओटीवर बॅगा टेकवायच्या आणि किल्ल्या दादाच्या हातात ठेवायच्या, हे माझ्याकडून आपोआप होतं. दादाने कधी मागितल्या नाहीत. तो त्या उशाखाली ठेवतो, आणि मुलीला रंगपेटी हवी झाली तरी मी जाऊन, "दादा, जरा किल्ली," म्हणतो. कपाटाची किल्ली, बाइकची किल्ली, माझ्याच पैशांनी बांधलेल्या वरच्या खोलीची किल्ली, सगळ्या दादाकडे. माझ्या आधीचे दोन भाऊही त्यांच्या किल्ल्या त्यालाच देतात. किल्ल्या आमच्या घरात वर जातात. मी सगळ्यांच्या खाली, त्यामुळे माझ्याकडून फक्त जातात. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. दादाकडे किल्ली दिली की मला खरोखर सुटल्यासारखं वाटतं.

मुलगी गृहपाठ करत होती. तिने वर न बघताच सांगितलं, "बाबा, इट्स जस्ट अ की." ती जुबैलच्या इंडियन स्कूलमध्ये शिकत होती आणि आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची. तिच्या हिशेबी आम्ही तिघेही, मी, काका आणि पुतण्या, एकाच माळेचे मणी होतो. मी ते हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून पुतण्याला वर्गात दटावणं मला जमेना. मी तोंडाने नियम सांगायचो, आणि तो ऐकून घ्यायचा. त्याच्या चेहऱ्यावर दिवसेंदिवस काळजी चढत होती. नियम काय आहे, हे त्याला पाठ होतं. काकाला न दुखवता तो पाळायचा कसा, हे त्याला मी सांगू शकत नव्हतो, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी प्लँटचा माणूस आला. सौदी, पिकलेली दाढी, हातात दोन फोन. त्याने यादी बघितली, दोन नावांच्या शेवटी एकच घराणं पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि मला विचारलं की यांतला मोठा कोण. मी काकाकडे बोट दाखवलं. तो गालात हसला. गोऱ्या परीक्षकाला हे कळलं नसतं. हा त्यांच्यातलाच होता, त्याला दुखरी जागा बरोबर दिसली. 

पुतण्याचा नंबर आधी लागला. त्याने वीज तोडली, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, बटण दाबून पंप चालू होत नाही याची खात्री केली. सगळं बिनचूक. मग किल्ली खिशात टाकून तो पंपापाशी गुडघे टेकून बसला. काका भिंतीशी उभा होता, आपला नंबर येण्याची वाट बघत. त्याच्याकडे बघायचं नाही, असं पुतण्याने ठरवलेलं दिसत होतं. झाकण उघडून झालं, काम अर्ध्यावर आलं, तेव्हा परीक्षकाने काकाला बोट हलवून बोलावलं आणि स्विचपाशी उभं केलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फार वेळ लागतोय. तुझ्या पुतण्याकडून किल्ली घे आणि कुलूप काढून टाक. यल्ला, आटप."

काका लालबुंद झाला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला परवानगी नव्हती. मग त्याने हात पुढे केला, कारण वडीलधाऱ्या माणसाने, त्याच्याच लोकांतल्या माणसाने सांगितलं होतं.

"किल्ली दे," काका म्हणाला. आवाज बारीक निघाला.

पुतण्याने खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. ती मला त्याच्या बोटांत दिसली. मी मनातल्या मनात त्याचं नाव यादीतून कमी झालेलं पाहिलं, आणि मला संताप आला. परीक्षकाचा आला, काकाचा आला, आमच्या दादाचाही आला. पुतण्या तसाच बसून होता. 

मग त्याने मूठ मिटली. "थोडं थांब, या अम्म," तो म्हणाला.

त्याने घाई केली नाही. पाने आतून काढून फडक्यावर ओळीने मांडले. आतमध्ये काही राहिलं नाही ना, हे हात फिरवून पाहिलं. झाकण बसवलं, सगळे नट आवळले. मग उठून, चालत स्विचपाशी आला. काकाचा पुढे केलेला हात अजून तसाच होता, खाली कसा घ्यावा हे त्याला कळत नव्हतं. पुतण्या त्या हाताला वळसा घालून पुढे गेला, आपल्या हाताने आपलं कुलूप उघडलं, स्विचवरून काढलं. आणि मग, उघडं कुलूप आणि त्यात तशीच अडकलेली किल्ली, दोन्ही त्याने काकाच्या तळहातावर ठेवली. खाली वाकून काकाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. चांगलंच वाकावं लागलं त्याला.

आता त्या किल्लीने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिच्यात जीव अडकलेला नव्हता. पण दिली तर होतीच, सगळ्यांसमोर, रीतसर. सुदानी मास्तर म्हणाला होता ती दुसरी वेळ ही होती, आणि ती त्याची त्याने शोधली होती.

 परीक्षकाने मला विचारलं, हे तुम्ही शिकवलंत? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, कुलूप कुणी उघडलं एवढंच मला बघायचं असतं, नंतर ते कुणाला दिलं हे माझ्या कागदावर नाही. त्याने पासवर खूण केली, "खलास," म्हणाला, आणि वाजणारा फोन कानाला लावून खिडकीपाशी गेला. माझा जीव भांड्यात पडला. पुतण्या दारापाशी जाऊन उभा राहिला, हात पुसत. घट्ट्यांना लागलेलं ग्रीस निघत नव्हतं, तरी पुसत होता. तो कुणाकडेच बघत नव्हता, आणि मला वाटतं तो रडू आवरत होता.

मग काकाचा नंबर आला. काका एरवी चुकार, पण त्या दिवशी त्याने एकही पायरी गाळली नाही. त्याला कुणी किल्ली मागितली नाही. मागणार कोण, तोच मोठा. काम संपवून त्याने आपलं कुलूप काढलं, परीक्षकाने फोनवर बोलता बोलताच मान हलवून पास झाल्याचं सांगितलं, आणि काका ते उघडं कुलूप हातात घेऊन मध्येच उभा राहिला. पुतण्याकडे पाहिलं, पण पुतण्याला देता येत नव्हतं. त्याला द्यायला वर कुणीतरी लागणार होतं.

तो माझ्याकडे आला. "उस्ताद," म्हणाला, माझा हात धरला, कुलूप आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. त्याच्या हाताचा घाम त्या लोखंडाला लागला होता.

मी आमच्या घरातलं शेंडेफळ. माझ्या हातात आजवर कुणी आपली किल्ली ठेवली नव्हती. मुलं आवराआवर करत होती, तोबच्या झालरी बाहेर लोंबत होत्या, आणि त्यांना काही सांगायचं मला सुचलं नाही. मूठ उघडवेना.